मंद्रूपच्या अण्णांचं रीडिंग

अन्याय झाला तो मंद्रूपच्या गुरुनाथ अण्णांवर. मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी, सकाळी सव्वाअकराला, एमआरआयच्या टेबलावरून उतरून ते शर्टाची बटणं लावत होते तेव्हा. पत्रकं लिहायला मी ज्यांच्याकडून शिकले ते सांगायचे, पहिल्या वाक्यात कुणावर, दुसऱ्यात कधी, तिसऱ्यात कुणी केला. लोक रस्त्यात उभ्याने वाचतात, त्यांना ताटकळत ठेवू नका. तर तिसरं वाक्य असं, की अन्याय करणारे दोघं होते. एक आमचं स्कॅन सेंटर आणि दुसरी मी.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, कामातले चार गमतीचे किस्से येऊ द्या, वाचकाला जड होऊ नये. किस्से आहेत. सांगतेही. पण ते सांगून झाल्यावर मी थांबणार नाही, एवढं आधीच कळवलं होतं.

मी सोलापुरातल्या एका खासगी सेंटरमध्ये एमआरआयची तंत्रज्ञ आहे. सात वर्षं झाली. वय एकोणतीस, पण पायांना विचाराल तर पन्नास. कामावरून सुटले की आमचा पाच-सहा जणांचा रुग्णहक्कांचा गट आहे, त्याची पत्रकं मी लिहिते. ‘तपासणी आमची, माहिती आमची’ ही ओळ माझीच. भिंतीवर बघितली असेल.

बाहेरच्यांना वाटतं, एमआरआय म्हणजे बटण दाबायचं. बटण सगळ्यात शेवटी. मशीन म्हणजे माणूस आत मावेल एवढा लोहचुंबक, आणि तो कधी बंद नसतो. त्यामुळे आधी माणसाच्या अंगावरचं लोखंड शोधायचं. चाव्या, अडकित्ता, बंडीच्या आतल्या खिशात विसरलेला पाना. मग कमरेचा करदोडा. दोऱ्याचा असला तर राहू देतो, चांदीची साखळी असली तर काढायला सांगतो, कारण चांदी म्हणून विकलेल्या साखळीत काय काय असतं ते चुंबकालाच माहीत. एकदा एका आजोबांच्या बायकोने दारातच माझं मनगट धरलं. म्हणाली, “जित्त्या माणसाचा करदोडा काढाय सांगती व्हय गं?” करदोडा तोडतात तो माणूस गेल्यावर. हे मला ठाऊक होतं, पण तोवर सुचलं नव्हतं. मग आधी काळा दोरा बांधून घेतला, त्यानंतर साखळी सोडली. म्हातारी शांत झाली. तेव्हापासून माझ्या ड्रॉवरमध्ये काळ्या दोऱ्याचं रीळ असतं.

प्रोस्टेटचे पेशंट सगळे पुरुष आणि बहुतेक साठीच्या पुढचे. मूत्राशयाच्या खाली पुरुषांना ही ग्रंथी असते. वय झालं की ती वाढते, आणि काहींच्या ग्रंथीत कॅन्सर होतो. आमच्याकडे ते ‘कमरेचा फोटो’ काढायला येतात. ग्रंथीचं नाव घेत नाहीत. आत मी उभी दिसले की भिंतीकडे बघून विचारतात, “कुनी गडीमानूस न्हाय का?” मी म्हणते, “आहेत की, तुम्ही.” निम्मे हसतात. उरलेले जास्तच भिंतीकडे बघतात. लघवी करून आलेले असले तरी पाच मिनिटांत पुन्हा लागते, आणि आत पाऊण तास हलायचं नसतं. त्या पाऊण तासात माणसाची जी अवस्था होते ती बघून मी कुणावर ओरडणं सोडलं.

आणखी एक गोष्ट कुणाला सांगून पटत नाही. ग्रंथीला चिकटून मागे गुदाशय असतं. तिथे वायू साठलेला असला की चित्र वाकडंतिकडं येतं. म्हणून आदल्या दिवशी काय खाल्लं, हा आमच्या धंद्यातला गंभीर प्रश्न आहे. हुरड्याच्या दिवसांत मंगळवेढ्याकडचे पेशंट आले की मी आधी तोंडाकडे बघते. एक गृहस्थ शपथेवर म्हणाले, हुरडा खाल्ला न्हाय, फकस्त चव बघितली. चित्र बघून वाटलं, अख्ख्या रानाची चव बघितली असणार. त्यांना परत पाठवलं. दोन एसटी बदलून आलेला माणूस परत पाठवताना मला हसू आलं नव्हतं. आत्ता लिहिताना येतंय.

झाले किस्से. आता ऑक्सिजन.

आमच्याकडे नवीन मशीन आलं तेव्हा मोठ्या शहरातल्या एका संस्थेने आमच्या सेंटरला अभ्यासात घेतलं. प्रोस्टेटच्या गाठीत ऑक्सिजन किती आहे, हे सुई न टोचता चित्रावरून मोजता येतं का, असा अभ्यास. कॅन्सरची गाठ घाईघाईत वाढते, आणि तिच्यातल्या रक्तवाहिन्या घाईत बसवलेल्या वसाहतीतल्या नळांसारख्या असतात. पुढच्या घरांना पाणी, मागच्यांना नुसता फुस्स आवाज. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. जिथे रक्त नीट पोचत नाही तिथे ऑक्सिजन कमी. माणसाला वाटेल, बरं झालं, मरू दे तो कोपरा. पण तो मरत नाही, चिवट होतो. रेडिएशनच्या किरणांना पेशी मारताना ऑक्सिजनची मदत लागते. तो नसला की किरण कमी पडतात. म्हणून गाठीतला उपाशी कोपरा कुठे आहे ते डॉक्टरांना हवं असतं.

पूर्वी ते कळायला ग्रंथीत सुई घालावी लागायची. आता असं करतो: ऑक्सिजन धरलेलं रक्त आणि सोडलेलं रक्त चुंबकापुढे वेगळं वागतं, त्या फरकाची चित्रं काढायची. आधी पेशंट साधी हवा घेत असताना, मग मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन देऊन पुन्हा तीच. गाठीच्या ज्या भागात फरक पडतो तिथपर्यंत वाट आहे. जिथे ढिम्म काही होत नाही तो भाग उपाशी. ना सुई, ना टाका. उद्या कधीतरी डॉक्टर त्या कोपऱ्याला जास्त किरण देतील, हा हेतू. आज मात्र हा नुसता अभ्यास आहे. पेशंटचा इलाज त्यावरून ठरत नाही, बदलत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. ते कुणी अण्णांना सांगितलं नाही.

गुरुनाथ अण्णा मंद्रूपला मोटर रिवाइंडिंग करायचे. आजूबाजूच्या गावांत विहिरीवरची मोटर जळली की ती त्यांच्या दुकानात यायची. जुनी तांब्याची तार उचकटून नवी गुंडाळायची, हा धंदा. वय सहासष्ट. एमआरआयच्या खोलीत येऊन मशीनकडे कौतुकाने बघणारा मला भेटलेला हा पहिला पेशंट. बाकीच्यांना ते भुयार वाटतं. अण्णांनी विचारलं, आत कॉइल कुठल्या तारेची, गार कशी ठेवता, अर्थिंगचं काय केलंय. मला अर्ध्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या ताई. चुंबक आन् कॉइल हाय न्हवं, मग आपलंच घर हाय.”

त्यांच्या इलाजाचं आधीच ठरलेलं होतं. त्याच आठवड्यापासून दर महिन्याला हार्मोनचं इंजेक्शन, दोन-तीन महिन्यांनी रेडिएशन. अभ्यासाची चित्रं तेवढी त्याआधी काढून घ्यायची होती. संस्थेची समन्वयक संमतीचा कागद घेऊन आली होती. कागद मराठीत होता. त्यात लिहिलं होतं, ‘अर्बुदांतर्गत ऊतींमधील प्राणवायूच्या पातळीचे अनाक्रमक प्रतिमांकन’. अण्णांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, “हे मराठीच हाय न्हवं?” मी म्हटलं, आहे. ते म्हणाले, मग सही करतो. त्या बाईने सही घेतली, आभार मानले, दुपारच्या गाडीने जायचं होतं म्हणून पुढच्या पेशंटकडे वळली.

स्कॅन उत्तम झाला. अण्णा हलले नाहीत. काचेपलीकडून मला पडद्यावर दिसत होतं: ऑक्सिजन दिल्यावर ग्रंथीत सगळीकडे थोडाफार फरक, आणि गाठीच्या आतल्या अंगाला एक पट्टा तसाच्या तसा. चित्रं वाचणं माझं काम नाही. पण सात वर्षं चित्रं बघणाऱ्याला दिसतं ते दिसतं.

सव्वाअकराला अण्णा बाकावर बसून बटणं लावत होते. आमचे रेडिओलॉजिस्ट सर तिथून चालले होते. अण्णांनी त्यांना विचारलं, “सायेब, रीडिंग किती आलं?” आयुष्यभर मीटर लावून काम केलेल्या माणसाचा प्रश्न होता. सर चालता चालता म्हणाले, रिपोर्ट डॉक्टरांकडे जाईल. खरं तर अभ्यासाच्या चित्रांचा रिपोर्ट कुणाकडेच जाणार नव्हता. पेशंटला ह्या चित्रांतलं काही सांगायचं नाही असा नियम. नियम खुळा नव्हता; जे अजून सिद्ध व्हायचंय ते सांगून माणसाला घाबरवू नये. पण ‘हे तुमच्या इलाजासाठी नाही’ एवढं सांगायला कुणी नेमलं नव्हतं. अण्णांचा प्रश्न हवेत राहिला आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी चिडलेली होते. माझ्या डोक्यात माझीच ओळ होती, भिंतीवरची. मी वाकून हळूच म्हटलं, “अण्णा, गाठीत आतल्या बाजूला ऑक्सिजन कमी दिसतोय.” तेवढ्यात पुढच्या पेशंटला लघवीची घाई झाली म्हणून हाक आली आणि मी गेले.

दिवसभर मला बरं वाटत होतं. संध्याकाळी गटात मी हा प्रसंग सांगितलासुद्धा. आमचे दिलीपभाऊ म्हणाले, हेच पाहिजे, ही लपवालपवीची भिंत फोडली पाहिजे. दिलीपभाऊ गटातले सगळ्यात जुने, माझे पत्रकांचे गुरू.

पुढे अडीच महिने मला अण्णांची आठवणही आली नाही. हेही लिहून ठेवते.

फाल्गुनात आम्ही मंद्रूपच्या आठवडी बाजारात पत्रकं वाटायला गेलो. पत्रकं संपल्यावर मी चौकशी करत अण्णांच्या दुकानात गेले. दार उघडं, आत घरघर आवाज. वाटलं, मोटर तपासतायत. अण्णा स्टुलावर बसून तार गुंडाळत होते आणि नाकात ऑक्सिजनची नळी होती. शेजारी कोरोनातला कॉन्सन्ट्रेटर, हवेतून ऑक्सिजन गाळून देणारं ते खोकं. मला बघून इतके खूश झाले की उठताना नळी ताणली. आतून काकू आल्या, त्यांच्या बायको. चहा टाकते म्हणाल्या.

अण्णांनी अभिमानाने सगळं सांगितलं. खोकं ग्रामपंचायतीत चार वर्षं बंद पडून होतं. ह्यांनी उघडून बघितलं तर नुसता कॅपॅसिटर गेलेला. नवा टाकला, गाळण्या धुतल्या, चालू. सकाळी चार तास घेतात, दुपारी तीन. मग बोट ऑक्सिमीटरच्या क्लिपमध्ये घालून मला आकडा दाखवला.

“बगा ताई. नव्व्याण्णव. भरलं की न्हाय?”

मी विचारलं, इंजेक्शन?

ते घेतलंच नव्हतं. एकही नाही. हॉस्पिटलमधून दोनदा फोन आला होता, तर ह्यांनी सांगितलं, इलाज चालू हाय. खोटं बोलले नव्हते ते. त्यांच्या लेखी चालू होता. काकू चहा ठेवत म्हणाल्या की त्या इंजेक्शनाने माणूस बाईवानी होतो असं गावात कुणी सांगितलं होतं, त्यामुळे ह्यांना ते नकोच होतं. नेमका तुम्ही दुसरा मार्ग सांगितला, देवासारख्या भेटलात बघा.

मी कप खाली ठेवला.

कोरोनाने आपल्या सगळ्यांना एकच ऑक्सिजन शिकवला, बोटावरचा. कमी झाला की मशीन लावायचं, वाढला की माणूस वाचला. मंद्रूपमध्ये अशी माणसं गेलेली होती आणि अशी वाचलेलीही होती. त्यात अण्णा मोटरवाले. व्होल्टेज कमी मिळालं की मोटर जळते, हे त्यांनी हजार वेळा बघितलेलं. शिवाय टेबलावर मीच त्यांना मास्क लावला होता. कमी आहे म्हणून मीच सांगितलं होतं. बाकी सगळं त्यांनी जोडलं, आणि जोडण्यात कुठेही ढिलाई नव्हती.

मी त्यांना सांगितलं. सुरुवात नीट होईना. शेवटी म्हटलं, “अण्णा, मेनला व्होल्टेज पूर्ण आहे. तुमच्या बोटाला, छातीला, सगळीकडे. पण गाठीच्या आतल्या एका वाइंडिंगपर्यंत तारच पोचलेली नाही. तिथला ऑक्सिजन कमी. तो बोटावर दिसत नाही, आणि नाकाने कितीही घेतला तरी तिथे भरत नाही. टेबलावर मास्क लावला तो इलाज नव्हता, टेस्टिंग होतं.”

अण्णांना समजायला एक क्षण लागला. एकच.

“म्हंजी मेन वाढवून काय उपेग न्हाय,” ते म्हणाले. “वाइंडिंगच बगाय पायजे.”

मी मान हलवली. त्यांनी नळी काढली, तिची नीट गुंडाळी केली, मशीन बंद केलं. दुकान एकदम शांत झालं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “एवडं तवाच सांगितलं असतं तर?”

काकू मधे पडल्या. म्हणाल्या, ती पोरगी कामात असती, तिला कुठला वेळ. अण्णा म्हणाले, “तिला बोलत न्हाई मी. कमी हाय म्हनली, कमी असलं की वाडवायचं. माजं काय चुकलं, तेवडं तिनं सांगावं.”

काहीच चुकलं नव्हतं. तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून त्यांना कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अण्णांच्या कमरेत दुखत होतं. ते मोटरी उचलल्याने असं त्यांनी धरलं होतं. हाडांचा स्कॅन झाला. कमरेच्या मणक्यात एक ठिपका निघाला. मार्गशीर्षातल्या स्कॅनमध्ये तो नव्हता. आता इंजेक्शन आहे, गोळ्या आहेत, मणक्याला रेडिएशन झालं. पण आधी ‘बरं करायचं’ म्हणून आखणी होती, ती बदलून ‘आटोक्यात ठेवायचं’ झाली. अण्णांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, मी वेळेवर आलो असतो तर हे झालं नसतं का? त्या प्रामाणिक बाई आहेत. म्हणाल्या, सांगता येत नाही. तेव्हाही असेल, दिसण्याइतका मोठा नसेल. अण्णा बाहेर येऊन मला म्हणाले, डाक्टर चांगली हाय, खोटं न्हाय बोलली. मला मात्र त्या दिवसापासून ‘सांगता येत नाही’ हे तीन शब्द घेऊनच कामावर जावं लागतं. एखाद्या दिवशी वाटतं, माझ्यामुळे नाही झालं. एखाद्या दिवशी तसं वाटत नाही. दोन्ही दिवशी दमायला सारखंच होतं.

मी याचं पत्रक लिहिलं. दिलीपभाऊंनी वाचलं आणि माझ्याबद्दलचं वाक्य खोडलं. म्हणाले, आपलाच माणूस दोषी म्हटल्यावर सेंटरवाले तेवढंच धरून बसतील, मुद्दा जाईल. मी म्हटलं, मुद्दा तोच आहे. माहिती दाबणारे आणि माहितीचा तुकडा फेकून पळणारे, पेशंटच्या बाजूने बघितलं तर दोघांनीही त्याला एकटंच सोडलेलं असतं. ते म्हणाले, पत्रकात एवढं मावत नाही. पत्रक छापलं नाही. म्हणून हे इथे.

सेंटरमध्ये सरांना सांगितलं, अभ्यासाचा स्कॅन झाला की प्रत्येक पेशंटजवळ दहा मिनिटं कुणीतरी बसायला पाहिजे. सर बाहेरची रांग दाखवून म्हणाले, कोण बसणार? वाईट माणूस नाहीत. तेही दमलेले असतात. संस्थेला दोन पत्रं लिहिली. विचार चालू आहे, असं उत्तर आलं.

मी आता उभ्याउभ्याच सांगते. हा अभ्यास आहे. हा गाठीतला ऑक्सिजन, बोटावरचा नाही. नाकाने भरत नाही. तुमचं इंजेक्शन, तुमची तारीख, काही चुकवायचं नाही. मग म्हणते, सांगा बघू काय समजलं. इथे खरी गंमत कळते. मान तर सगळे हलवतात. बोलायला लावलं की एक जण म्हणतो, म्हणजे मला दम्याचा त्रास होणार. दुसरा म्हणतो, म्हणजे प्राणायाम वाढवायचा. पुन्हा सांगते. बाहेर रांग ओरडत असते. ओरडू दे.

हा लेख मी मंद्रूपला जाऊन अण्णांना वाचून दाखवला. नाव बदलू का विचारलं. ते म्हणाले, नाव ऱ्हाऊ द्या, नायतर लोकांना वाटंल बनवून सांगितलंय. मोटरी ते आता उचलत नाहीत. तार तेवढी गुंडाळतात, बसून.

आता तुमचं काम. तुमच्या घरातला कुणी, वडील, काका, नवरा, उद्या अशा टेबलावरून उतरेल. त्याला ‘रिपोर्ट डॉक्टरांकडे जाईल’ ऐकून बाहेर आणू नका. दारात उभे राहा. विचारा, हे इलाजासाठी आहे की अभ्यासासाठी? काय दिसलं, कोण सांगणार, कधी? ह्यामुळे आम्ही उद्यापासून काय वेगळं करायचं आणि काय अजिबात बदलायचं नाही? उत्तर मिळालं की मान हलवू नका. ते तुमच्या भाषेत त्यांच्याच तोंडावर परत म्हणा, आणि ‘बरोबर’ म्हणेपर्यंत जागचे हलू नका. मागची रांग शिव्या देईल, खाऊन घ्या. आणि दारात मी उभी असले, हळू आवाजात अर्धंच काहीतरी सांगून निघाले, तर मलाही सोडू नका.